पुणे की मुंबई? पदोन्नती डावलल्यावर अर्ज कुठे करायचा

गेल्या महिन्यात आमच्या सोलापूरच्या ऑफिसातला एक तरुण लिपिक जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन माझ्या टेबलाशी आला. कडक भाकरी मोडता मोडता म्हणाला, "सर, मलापण पदोन्नतीच्या यादीतून वगळलं. पुण्याला अर्ज करू की मॅटला जाऊ?" त्याच्या कानाला मशीन आहे, माझ्या डाव्या पायाला पोलिओ. पुणे म्हणजे दिव्यांग आयुक्त आणि मॅट म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, मुंबईचं. दोन्ही रस्ते मला माहीत आहेत. त्यातला एक मी धरला, म्हणून हे लिहितोय.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने केवळ दिव्यांगत्वावरून पदोन्नती नाकारता येत नाही, हे आपल्या सगळ्यांना पाठ आहे. ते पुन्हा सांगत बसत नाही.

पुण्याचं आधी सांगतो, कारण पहिला ओढा तिकडेच असतो. सकाळी हुतात्मा एक्स्प्रेस पकडायची, काम करून रात्री घरी. एका किरकोळ रजेत भागतं. अर्ज साध्या मराठीत स्वतः लिहिता येतो, वकील लागत नाही. शिवाय आयुक्तांना कागदपत्रं आणि माणसं बोलावण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. फाइल बाहेर काढायला हे हत्यार छोटं नाही. अनुकंपा, बदली, रॅम्प, लिफ्ट अशा कामांत मी डोळे झाकून पुणंच सुचवेन.

मुंबईला जायचं म्हणजे रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस, सकाळी सीएसएमटी, तिथून नरिमन पॉइंट. वकील शोधा, प्रतिज्ञापत्र करा, जोडपत्रांना पानांचे क्रमांक घाला. पाय धड असलेल्यालाही कंटाळा येईल.

तरी मी मुंबई धरली. कारण सांगायला थोडं मागे जावं लागेल.

2023 च्या जानेवारीत सोलापूरची गड्डा यात्रा ऐन भरात होती, तेव्हा पदोन्नतीची यादी हातात पडली. 2 फेब्रुवारीला मी निवेदन दिलं. आवक टेबलावरच्या शिक्क्याचं तारखेचं चाक 31 जानेवारीवर अडकलेलं. बाबूने तसाच शिक्का मारला, वर बॉलपेनने 2 गिरवला आणि खाली सही मागितली तर म्हणाला, "एवढ्याने काय होतंय?" मी काही बोललो नाही, पण त्याच दुपारी पोस्टात जाऊन आरपीएडी (पोचपावतीसह रजिस्टर्ड पोस्ट) केलं. ती पोस्टाची पावती आज माझ्याकडे लॅमिनेट करून आहे. बायको हसते.

पावती जपली, कारण मॅटला जायची मुदत सगळी त्या तारखेवर चालते. प्रशासकीय न्यायाधिकरण कायदा 1985 चा. त्यात निवेदनावर अंतिम आदेश आला तर त्या दिवसापासून एक वर्ष. काहीच आलं नाही तर आधी सहा महिने थांबायचं आणि ते संपल्यावर पुढे एक वर्ष. माझ्या बाबतीत सहा महिने 2 ऑगस्ट 2023 ला भरले आणि दार बंद होणार होतं 2 ऑगस्ट 2024 ला. शिक्षेचा आदेश असेल तर गोष्ट वेगळी: तिथे विभागीय अपील 45 दिवसांत करावं लागतं, आणि ते न करता थेट मॅटला गेलात तर सहसा आधी तेच विचारतात.

मधल्या काळात मी चार स्मरणपत्रं दिली. प्रत्येक वेळी वाटायचं, आता वर्ष नव्याने सुरू झालं. वकिलांनी तो भ्रम पहिल्याच भेटीत काढला. स्मरणपत्रांनी मुदत वाढत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने 1989 मध्येच सांगून ठेवलंय. 'आपले निवेदन विचाराधीन आहे' असं पत्र आलं तरी खूश होऊ नका.

आता पुण्याकडे परत. आयुक्तांकडून मिळते ती शिफारस. ती ज्या कार्यालयाला जाते, त्याने तीन महिन्यांत काय केलं ते कळवायचं, आणि मान्य नसेल तर कारणं द्यायची. कायदा म्हणून वाईट नाही. पण ती शिफारस येणार कुठे? माझं निवेदन जिथे पडून होतं त्याच टेबलावर, त्याच चाक अडकलेल्या शिक्क्याखाली. हे मनात आलं आणि माझा निर्णय झाला. माझी तारीख पुन्हा त्या माणसाच्या बॉलपेनवर सोडायची माझी तयारी नव्हती. मॅटमध्ये अर्ज दाखल झाला की त्याला क्रमांक मिळतो, आणि निकाल लागला की तो आदेश असतो.

शिवाय पुण्यात सुनावणी चालू आहे म्हणून मुंबईचं वर्ष थांबत नाही. गेलेला वेळ विलंब माफीच्या अर्जात कारण म्हणून मांडता येतो, पण माफी हक्काने मिळत नाही. माझ्या ओळखीचे एक निवृत्त कर्मचारी आधी त्या माफीसाठीच भांडत बसले. मूळ विषय राहिला बाजूला.

कुणाला पैशाची अडचण असेल किंवा प्रवास झेपत नसेल, तर पुण्याचा मार्ग चुकीचा म्हणणारा मी कोण? माझा अनुभव एकाच प्रकरणाचा आहे. पुण्याला गेलात तरी मुंबईची शेवटची तारीख कॅलेंडरवर लाल करून ठेवा, एवढं मात्र म्हणेन.

जिल्हा परिषदवाल्यांनी मॅटचा विचारच करू नये, ते तिच्या कक्षेत येत नाहीत. त्यांची रिट याचिका उच्च न्यायालयात, आणि 18 ऑगस्ट 2025 पासून सोलापूरसाठी ते दार कोल्हापूरला आलंय. रेल्वेवाल्यांचं न्यायाधिकरण केंद्राचं, कॅट.

त्या मुलाला मी डबा संपेपर्यंत हे सगळं सांगितलं. मग विचारलं, "निवेदनाची पोच दाखव." त्याने मोबाइलवर फोटो काढून दाखवला. शिक्का होता, तारखेच्या जागी निळा डाग. त्याला लगेच उठवून पोस्टात पाठवलं, दुसरी प्रत स्पीड पोस्टाने करायला. माझी पुढची तारीख सोमवारी आहे, रविवारी रात्रीच्या सिद्धेश्वरचं वेटिंग अजून क्लिअर व्हायचंय.