भाच्याच्या दिवाळीच्या टोपलीचं आठ महिन्यांनी काय झालं

भाऊबीजेला बहिणीकडे कोल्हापुरात शिवाजी पेठेत जाताना पंधरा वर्षांच्या भाच्यासाठी टोपली भरून नेली होती. तयार हॅम्पर बघितले, तर निम्मा कागदाचा भुगा आणि वर चार चॉकलेटं. मग बुरुडाकडून दोनशेची बांबूची टोपली आणली आणि सगळं स्वतः जमवलं. तीन हजारांच्या वर गेले. आता आषाढ लागलाय.

सगळ्यात महाग नऊशेचे इअरफोन. तिसऱ्या महिन्यात उजवा कान मुका. बिल टोपलीतच होतं, ते रंगीत कागदाबरोबर केरात गेलं, त्यामुळे वॉरंटी विसरा. बॉडी स्प्रे पंधरवड्यात संपला, भडंग त्याच रात्री. वहीच्या पहिल्या पानावर फक्त नाव आहे.

पायताणाची चूक माझी. कर्रकर्र वाजणारं, आठ नंबर, अंदाजानं घेतलेलं. या वयात पाय थांबतोय कुठं? फेब्रुवारीत टाच बोटभर बाहेर. शेवटी दाजींनी घातलं, तेल लावून मऊ केलं आणि मृगाचा पहिला शिडकावा होताच माळ्यावर टाकलं. चामडं पाणी पितं, मग काही खरं नाही.

जर्सी मुद्दाम टाळली होती. शिवाजी पेठेतल्या पोराला चुकून पाटाकडीलच्या, म्हणजे समोरच्या फुटबॉल संघाच्या, रंगाची गेली असती, तर बहिणीनं ताटावरून उठवलं असतं. फुटबॉल मात्र दिला, पाच नंबरचा. बारा वर्षांपुढं हाच लागतो, घेर 68 ते 70 सेंटिमीटर. गल्लीतल्या डांबरावर वरचा थर सोललाय, शिवण शाबूत आहे.

पण खरा पैसा वसूल झाला तो फुटबॉलात हवा भरायच्या हातपंपाचा. टोपलीत एका कोपऱ्यात मोकळी जागा दिसत होती, म्हणून काउंटरवरचा 120 रुपयांचा पंप भरीला टाकला. आता रोज संध्याकाळी दारात कोणीतरी उभा, "पंप हाय काय?" सुई कोरडी घुसवली तर व्हॉल्व्ह फाटतो, आधी ओली करायची, हे भाचा बारक्या पोरांना दम देऊन शिकवतो. दोन सुया मोडल्या, एक हरवली.

टोपलीत बहिणीनं कांदे ठेवले होते. गेल्या महिन्यात खाली पिठासारखी भुकटी दिसली. बांबूला भुंगा लागलाय. आता ती गच्चीवर आहे, ऊन पडेल तेव्हा वाळेल.

परवा भाच्याला विचारलं, यंदा टोपलीत काय घालू?

"टोपली कशाला? सुया आण की मामा, डझनभर."