ॲव्हलॉन ऐकायचंय, तर आधी १९९७चा अल्बम की २००९चा?

ॲव्हलॉन हा अमेरिकन ख्रिश्चन व्होकल ग्रुप नव्याने ऐकणाऱ्याला हा प्रश्न पडतोच, कारण नाव एकच पण ग्रुप दोन आहेत की काय इतका फरक आहे. एकीकडे १९९७चा 'अ मेझ ऑफ ग्रेस', तोच 'टेस्टिफाय टू लव्ह' या गाण्यावाला. दुसरीकडे २००९चा 'रीबॉर्न', ज्यात गिटार पुढे आली, ड्रम्स जड झाले आणि चार आवाजांच्या हार्मनीवर, म्हणजे एकाच वेळी वेगवेगळ्या सुरांत गाण्यावर, नाव कमावलेला ग्रुप सरळ मॉडर्न पॉप रॉककडे वळला. मी दोन्ही भरपूर ऐकलेत, त्यामुळे जे वाटतंय ते सांगतो, तुमचे कान वेगळं सांगत असतील तर त्यांचं ऐका.

आधी 'रीबॉर्न'ची बाजू, कारण त्याला लोक उगाच नावं ठेवतात. बदल करणं भागच होतं. १९९७च्या चौघांपैकी २००९ला एकटी जॅना लाँग उरली होती, जॉडी मॅकब्रेयर २००७मध्ये तब्येतीमुळे बाहेर पडला, ग्रेग लाँग आणि पुढे रिचर्डसन मंडळी आली, आता गाणारी माणसंच वेगळी म्हटल्यावर जुन्या साच्यात गात राहणं म्हणजे स्वतःचीच नक्कल झाली असती. शिवाय ख्रिश्चन संगीताचं केंद्र असलेल्या नॅशव्हिलमधलं वारंच फिरलेलं, व्होकल ग्रुपचे दिवस सरून रेडिओवर गिटारवाले बँड आणि वर्शिप, म्हणजे चर्चमध्ये सगळ्यांनी मिळून गायची गाणी, आलं होतं. पॉइंट ऑफ ग्रेस हा तसाच दुसरा व्होकल ग्रुपसुद्धा साधारण त्याच काळात कंट्रीकडे वळला. आणि प्रवासात, आवाज मोठा करून 'रीबॉर्न' लावला की अंगात जोर येतो हे मान्यच करायला हवं. त्याच्यापुढे 'अ मेझ ऑफ ग्रेस', म्हणजे 'मेझ'मधले कीबोर्ड आणि ड्रम्स ऐकताक्षणी नव्वदचं दशक सांगतात, नव्या श्रोत्याला ते थोडं जुनाट वाटणार.

पण माझं घोडं अडलं ते मधल्या आवाजांपाशी. मी स्वतः ग्रुपमध्ये गातो, तेही खालचा पार्ट, त्यामुळे गाणं आवडलं की माझा कान आपोआप आपली लाइन शोधायला लागतो. 'रीबॉर्न'मध्ये कडवं मस्त चालतं, एकच आवाज, स्वच्छ, आणि मग कोरस येतो, गिटार एकदम भरून येते आणि वरची मेलडी सोडली तर बाकीचे तिघे भिंतीत गेल्यासारखे होतात. ते गातायत हे कळतं, काय गातायत ते कळत नाही. हेडफोन लावून, एकच कान लावून, तोच कोरस मागे नेऊन नेऊन ऐकला तरी खालची लाइन दोन शब्द सापडते की परत गायब. यात गाणाऱ्यांचा दोष आहे असं मला वाटत नाही. डिस्टॉर्शनवाली, म्हणजे मुद्दाम खरखरीत केलेल्या आवाजाची गिटार नेमकी त्याच मधल्या पट्ट्यात बसते जिथे माणसाचा आवाज असतो, आणि मिक्समध्ये सगळंच सारखं मोठं केलं की आधी आतल्या हार्मनीचा बळी जातो. रॉक बँडला ते चालून जातं, त्यांचं मुख्य भांडवल गिटार. इथे भांडवलच चार गळे आहेत हो.

'मेझ'मध्ये चार्ली पीकॉकच्या प्रोडक्शनने त्या गळ्यांना जागा ठेवलीये. कोरसमध्ये वरचा आवाज कितीही उंच गेला तरी तेव्हाच्या ग्रुपमधल्या मायकेल पॅसन्स आणि जॉडीच्या ओळी खालून हलताना ऐकू येतात, ओळ संपताना सगळे श्वास एकत्र सोडतात तेही जाणवतं, आणि थोडं लक्ष दिलं तर आपला पार्ट ऐकून ऐकून बसवता येतो.

म्हणून तुम्ही गात नसाल, सध्याचं ख्रिश्चन पॉप रॉक आवडत असेल, तर 'रीबॉर्न'पासून सुरुवात केली तरी काही बिघडत नाही, बहुतेक तोच पटकन भिडेल. पण ॲव्हलॉनचं एवढं नाव का झालं हे ऐकायचं असेल तर मी तरी १९९७वालाच आधी लावायला सांगेन, तोही हेडफोनवर, कारण छोट्या स्पीकरवर तिथलेही मधले आवाज हरवतात. मग 'रीबॉर्न' ऐका, तेव्हा निदान कोरसच्या मागे काय शोधायचं ते कानाला माहीत असेल.