लंडनला जाणार असाल तर सॉल्झबरीला एक मुक्काम टाका

आता आमच्या गल्लीतलंच कोण ना कोण इंग्लंडात असतंय त्यामुळं बेळगावची माणसं तिकडं जातातच, आणि गेली की सगळी तेच करतात, लंडनहून सकाळी टूरची बस, स्टोनहेंजच्या प्राचीन उभ्या दगडांपुढं फोटो, बाथला फोटो, रात्री परत. सॉल्झबरी राहूनच जातं. आम्ही आईबाबांना घेऊन वॉटर्लू स्टेशनवरनं ट्रेननं गेलो, दीड तास लागतो साधारण, आणि तिथंच राहिलो. बेस्ट केलं.

तिथल्या कॅथेड्रलचा, म्हणजे मोठ्या चर्चचा कळस 123 मीटर, इंग्लंडात सगळ्यात उंच. पण मला उंचीपेक्षा खालची गोष्ट आवडली. एवढ्या दगडाचा पाया फक्त चारेक फूट खोल! खाली खडी आणि पाणी, म्हणून पाण्याची पातळी बघत राहावी लागते. फरशीतला एक दगड उचलून आत काठी घालतात आणि किती भिजली ते बघतात, झालं. वरच्या वजनानं मधले खांब चक्क वाकलेत, खाली उभं राहून मान वर केली की स्पष्ट दिसतंय, आई तर लगेच बाजूलाच सरकली. गाईड स्वयंसेवक असतात, बहुतेक रिटायर्ड लोक, विचारलं की हौसेनं सांगत बसतात. 1220 ला काम सुरू झालं म्हणे. आपल्या बेळगावच्या किल्ल्यातलं जैन देऊळ, कमल बस्ती, 1204 ची, म्हणजे त्याच्याहून जुनी, पण तिथं असं कोण सांगणारं भेटतंय का सांगा.

घड्याळ चुकवू नका. 1386 च्या आसपासचं, तबकडी नाही, काटे नाहीत, नुसती लोखंडी चौकट, चाकं आणि दोर. ते वेळ दाखवायचं नाहीच, तासाला घंटा वाजवायचं. अजून चालू आहे. बाबा आमचे मशीनवाले, ते तिथनं हलेचनात.

मॅग्ना कार्टा, म्हणजे राजाच्या सत्तेला मर्यादा घालणारी जुनी सनद, मात्र... 1215 च्या चार मूळ प्रती उरल्यात त्यातली एक इथं आहे म्हणून लोक येतात. अंधाऱ्या तंबूसारख्या खोपट्यात ठेवलीय, फोटो काढायचा नाही, लॅटिनमधली बारीक अक्षरं खचाखच भरलेली. बाबा म्हणाले, ‘एवढंच होय?’ खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं. इतिहासाची आवड असेल तर ठीक.

टॉवर टूरला 332 पायऱ्या, जिने अरुंद आणि गोल, गुडघ्यावाल्यांनी नाद सोडा. तिकीट महाग वाटत असेल तर संध्याकाळच्या प्रार्थनेला जाऊन बसा, त्याला पैसे नाहीत, आणि पोरापोरींचं गाणं ऐकायला मिळतं (इंग्लंडच्या कॅथेड्रलांत मुलींचा वेगळा गायकवृंद पहिल्यांदा इथंच 1991 ला सुरू झाला). धर्म वेगळा असला तरी कोण काय विचारत नाही, आई डोक्यावर पदर घेऊन शांत बसली होती.

गावात बाजार मंगळवारी आणि शनिवारी. पोल्ट्री क्रॉस ही बाजारातली जुनी जागा म्हणजे त्यांचा शनिवार खूटच (आपला बेळगावचा गजबजलेला चौक) म्हणा, दगडी छत्री एवढी सोडली तर. खाण्याचं विचारू नका, एका ठिकाणी फिश अँड चिप्स मागवले, मासा गार आणि चिप्स मऊ पडलेले, वर बिल बघून बाबा दिवसभर बोलले नाहीत. मिरचीची पूड आणि चटणी बरोबर न्या.

वेळ असेल तर ओल्ड सॅरमला जा, गावाच्या उत्तरेला तीनेक किलोमीटर, बस मिळते. आधीचं कॅथेड्रल त्या टेकडीवरच्या किल्ल्यात होतं, पण किल्ल्यातल्या सैनिकांशी पाद्र्यांचं पटेना, पाण्याची बोंब, वारं सोसवेना, म्हणून सगळं खाली मैदानात हलवलं. आता वर जुन्या देवळाचा नुसता आराखडा उरलाय, पण वाऱ्याचं खोटं नाही, जाकीट घालूनच जा. स्टोनहेंजला पण सॉल्झबरी स्टेशनवरनंच बस सुटते, त्यासाठी लंडनहून वेगळी टूर करायची काय गरजच नाही.