शांघाय-निंगबोला जायचंय: जानेवारी बरा की मे?

यांगत्से नदीच्या मुखाशी शांघाय, हांगचौ, निंगबो असा कारखान्यांचा आणि बंदरांचा सलग पट्टा आहे. खरेदीला, शिकायला किंवा कंपनीच्या कामाला तिकडे जाणाऱ्या आपल्या माणसांना एवढंच ठाऊक असतं की चीनची हवा हिवाळ्यात वाईट. खरं तर या पट्ट्यात ती वर्षातून दोनदा बिघडते. जानेवारीत बिघडलेली हवा डोळ्यांना दिसते, मे महिन्यातली दिसत नाही. म्हणून कधी जायचं हे ठरवण्याआधी कोण जाणार आहे ते पाहा.

हिवाळ्याचा दोष धुळीचा, म्हणजे पीएम 2.5चा, हवेत तरंगणाऱ्या अतिबारीक कणांचा. थंडीत जमिनीलगतची हवा वर चढत नाही. गाड्या, बॉयलर आणि भट्ट्यांचा धूर खालीच साचतो. त्यात वायव्येचे वारे उत्तरेकडच्या मैदानातला धूर इकडे ढकलतात. तिकडे हुआय नदीच्या उत्तरेला घरं तापवायची सार्वजनिक व्यवस्था नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत चालते आणि तिच्यासाठी वर्षानुवर्षं कोळसाच जळत आला. शांघायमध्ये 6 डिसेंबर 2013ला पीएम 2.5 घनमीटरला 600 मायक्रोग्रॅमच्या वर गेलं होतं. तो काळ आता मागे पडला. शहराची वार्षिक सरासरी 2013मध्ये 62 होती, 2020मध्ये 32 झाली. तरी जानेवारीत दोन-तीन दिवस सलग राखाडी आकाश दिसलं तर नवल वाटायला नको. नुसते कारखाने बंद ठेवूनही हे सुटत नाही. फेब्रुवारी 2020च्या टाळेबंदीत पूर्व चीनमध्ये नायट्रोजन डायऑक्साइड धाडकन उतरला, पण काही भागांत धुरकं कायम राहिलं, कारण हवेतल्या वायूंपासूनही बारीक कण तयार होत राहतात.

मे महिन्यात आकाश निळं असतं, फोटो छान येतात, आणि दुपारी ओझोन हा श्वासाला बाधणारा वायू चढतो. ओझोन कुठल्याही चिमणीतून निघत नाही. वाहनं, जहाजं, वीजकेंद्रं यांचे नायट्रोजन ऑक्साइड आणि तेलशुद्धीकरण, रंग, छपाई यांतल्या द्रावकांची वाफ उन्हात एकमेकांशी रासायनिक क्रिया करतात, त्यातून तो जन्मतो. निंगबोच्या चनहाय भागात मोठा तेलशुद्धीकरण प्रकल्प आहे आणि शेजारचं निंगबो-चौशान बंदर मालाच्या वजनानं जगात सर्वांत मोठं, म्हणजे कच्च्या मालाची ददात नाही. मुंबईकराला समुद्राचा वारा म्हणजे सुटका वाटते. इथे मात्र रात्री हांगचौच्या आखातावर गेलेली हवा दुपारच्या खाऱ्या वाऱ्याबरोबर कधी कधी ओझोन घेऊन परतते.

मग निवड कशी करायची? हृदयविकार असलेली वडीलधारी माणसं सोबत असतील तर जानेवारी टाळा. तसं नसेल तर हिवाळ्याला निदान उपाय आहे: एन-95 मास्क आणि खोलीत एअर प्युरिफायर, दोन्ही कण अडवतात. ओझोन वायू आहे, मास्क त्याला अडवत नाही. म्हणून दमेकऱ्याला किंवा उन्हात मैदानावर खेळणाऱ्या मुलाला मे-जून जास्त बाधू शकतो, आणि ‘आकाश तर स्वच्छ आहे’ या समजुतीत तो गाफील राहतो. जूनच्या मध्यापासून साधारण तीन-चार आठवडे आलुबुखारा पिकण्याच्या सुमाराचा पाऊस लागतो. मग ओझोनही खाली येतो आणि धूळही, पण कपडे वाळत नाहीत. कोकणातल्या माणसाला नवीन नाही. पाऊस सरला की जुलै-ऑगस्टच्या उन्हात ओझोन पुन्हा डोकं वर काढतो.

मला विचाराल तर ऑक्टोबरचा दुसरा आठवडा ते नोव्हेंबरची सुरुवात. ऊन नरमलेलं, उत्तरेचा धूर अजून यायचाय, आणि 1 ऑक्टोबरपासूनच्या राष्ट्रीय सुट्टीची गर्दीही ओसरलेली.

आकडे वाचताना एक घोळ होतो. आपल्याकडचा एक्यूआय (हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक) आणि चीनचा एक्यूआय एकाच पट्टीवर बसत नाहीत. पीएम 2.5 जर घनमीटरला 115 मायक्रोग्रॅम असेल, तर 2012च्या चिनी मानकानुसार एक्यूआय 150 येतो, ‘सौम्य प्रदूषण’. तीच हवा भारतीय सूत्रात 280च्या पुढे जाते, ‘खराब’ वर्गात. ओझोनचंही तसंच: आठ तासांची सरासरी 160 ही तिकडच्या ‘चांगल्या’ दिवसाची शेवटची हद्द, आपल्या पट्टीवर तो आकडा 190च्या आसपास. तेव्हा मुंबईशी तुलना करायची तर एक्यूआय सोडा आणि मायक्रोग्रॅम पाहा.

हवेचे आकडे दाखवणाऱ्या अॅपवर आणखी एक रकाना असतो, त्या तासाचा मुख्य प्रदूषक कोणता हे सांगणारा. तिथे पीएम 2.5 असेल तर फिरायला दुपारी निघा, तोवर साचलेली हवा थोडी वर उठलेली असते. ओझोन असेल तर सकाळी आठच्या आत फिरून या आणि दुपारी खिडक्या लावून घ्या.