टिकल्या की दरी? रासायनिक बंध शिकवताना आधी काय घ्यावं

अकरावीचा रासायनिक बंधाचा धडा मुलाकडून घरीच करून घ्यायचाय, तर सुरुवात कुठून करू, असं शेजारच्या वहिनींनी विचारलं. दादरला शिकवणी घेताना मी दोन्ही वाटा चालून पाहिल्यात.

पहिली अष्टकाची, म्हणजे अणूच्या बाहेरच्या कक्षेत आठ इलेक्ट्रॉन पुरे झाले की बंध जमला असं मानायची. रसायनशास्त्रज्ञ लुईसची, १९१६ सालची. त्यासाठी मी रानडे रोडवरून टिकल्यांची पाकिटं आणायचो; एक टिकली म्हणजे बाहेरच्या कक्षेतला एक इलेक्ट्रॉन. क्लोरीनभोवती सात लाल, सोडियमला एक काळी, ती उचलून इकडे लावली की झालं. पाणी, अमोनिया, मिथेन एका तासात वहीत. पोरं खूश, पालक त्याहून खूश. बोरॉन ट्रायफ्लुओराइडमध्ये बोरॉनभोवती सहाच आणि सल्फर हेक्झाफ्लुओराइडमध्ये सल्फरभोवती बारा, ही कुरकुर जुनीच. अपवाद म्हणून ते पाठ होतं, माझी त्याबद्दल फारशी तक्रार नाही.

दुसरी वाट आलेखाची: आडवं अणूंमधलं अंतर, उभी ऊर्जा. दोन हायड्रोजन अणू लांबून जवळ आणायचे. एकाचं केंद्रक दुसऱ्याच्याही इलेक्ट्रॉनला ओढू लागतं, स्थितिज ऊर्जा उतरत जाते. फारच जवळ आले की केंद्रकांचं प्रतिकर्षण जोर धरतं आणि रेषा सरळ वर. मधल्या दरीचा तळ ७४ पिकोमीटरवर, तीच बंधलांबी. खोली मोलमागे (मोल म्हणजे अणू-रेणू मोजायचं ठरलेलं माप) ४३६ किलोज्यूल. पहिल्या तासाला वर्ग जांभया देतो, हे कबूल. ऋण ऊर्जा म्हणजे काय, यातच अर्धा तास जातो.

माझं मत फिरलं ते एका चाचणीमुळे. हायड्रोजन जळताना उष्णता कुठून येते, असं विचारलं होतं. जवळपास सगळ्यांचं उत्तर एकच: ‘बंध तुटतात आणि त्यात साठलेली ऊर्जा बाहेर पडते.’ पुढच्या वर्षीही तेच. आधी मी पोरांवर चिडलो, मग टिकल्यांकडे पाहिलं. त्यांत ऊर्जा आहेच कुठे? अष्टक भरलं, अणू ‘समाधानी’ झाला, एवढंच ते चित्र सांगतं. दरी पाहिलेलं पोर असं लिहीत नाही, कारण दरीतून वर यायला खर्च पडतो हे त्याला दिसतं. मोलभर हायड्रोजनचे बंध तोडायला ४३६, अर्धा मोल ऑक्सिजनचे तोडायला २४९. पाण्याचे बंध जुळताना सुमारे ९२६ परत मिळतात. उष्णता येते ती या वरकडीतून.

सोडियमचीही तीच गत. त्याला इलेक्ट्रॉन ‘द्यायचाच असतो’ म्हणे! तो काढायला मोलमागे ४९६ किलोज्यूल लागतात, क्लोरीन तो घेताना ३४९ परत देतो. सौदा तोट्याचाच. तो तोटा भरून निघतो आयनांच्या, म्हणजे विद्युतभार आलेल्या अणूंच्या, एकमेकांच्या ओढीने, स्फटिक जमताना. मिठागरात चमकतं ते मीठ सोडियमच्या दानशूरपणामुळे जमलेलं नाही.

अर्थात, सीईटी दीड महिन्यावर आली असेल तर टिकल्याच बऱ्या. लुईस संरचनेवरचे, म्हणजे अणूंभोवती इलेक्ट्रॉनचे ठिपके मांडायचे, प्रश्न दरी पाहून सुटत नाहीत, आणि माझा अनुभव म्हणजे वीस-पंचवीस पोरांचा वर्ग. कुणाला उलटंही जमत असेल. मी मात्र हल्ली पहिले दोन तास दरीलाच देतो, टिकल्या तिसऱ्या तासाला काढतो. वहिनींनाही तेच सांगितलं. मुलगा कंटाळेल, त्या म्हणाल्या. कंटाळू दे दोन दिवस, म्हटलं, आणि टिकल्या विकत आणू नका, माझ्याकडे दोन पाकिटं उरलीत.