युगांडा-केनियातली डीटीएस: फी, पोशो आणि प्रार्थना

डीटीएस म्हणजे डिसायपलशिप ट्रेनिंग स्कूल. यूथ विथ अ मिशन, बोलीत 'वायवॅम', या ख्रिस्ती मिशनरी संस्थेचा हा शिष्यत्वाचा पायाभूत कोर्स. लॉरेन कनिंगहॅम यांनी १९६० साली ही संस्था सुरू केली. पूर्व आफ्रिकेत युगांडातलं जिंजा, टांझानियातलं आरुषा, केनियातलं अथी रिव्हर अशा ठिकाणी तिचे तळ आहेत, आणि इतर मिशनांचे बरेचसे प्रशिक्षणवर्गही याच साच्यात चालतात. हे परीक्षण एका तळाचं नसून त्या साच्याचं आहे.

गुण आधीच सांगून टाकतो. वर्गाला दहापैकी सहा, वर्गाबाहेरच्या दिवसाला नऊ, शेवटच्या सुवार्ताफेरीला, म्हणजे गावोगाव ख्रिस्ती संदेश सांगत फिरण्याला, पाच.

कोर्सचे दोन भाग असतात. साधारण बारा आठवडे वर्ग आणि त्यानंतर आठ ते बारा आठवडे फेरी, म्हणजे आउटरीच. परीक्षा नसते. क्रेडिट मिळतात, पण त्यांचा उपयोग वायवॅमच्याच युनिव्हर्सिटी ऑफ द नेशन्सच्या पुढच्या कोर्सेससाठी होतो. तिथल्या इतर कोणत्याही कोर्सला बसायचं तर आधी डीटीएस झालेली लागते. नोकरीसाठी किंवा सरकारमान्य पदवीसाठी या क्रेडिटवर विसंबू नये. आणखी एक गोष्ट कित्येकांना तिथे पोचल्यावर कळते: शिकवणारे, स्वयंपाकघर बघणारे, हिशेब ठेवणारे, कोणालाच पगार नसतो. प्रत्येक जण स्वतःच्या पाठीराख्यांच्या देणग्यांवर राहतो. म्हणून ऑफिसात ईमेलला उत्तर यायला आठवडा लागला तर तो उर्मटपणा समजू नये. बहुतेक वेळा ते काम पाहणारा माणूस जनरेटर दुरुस्त करत असतो.

दिवस पहाटे सहाच्या आसपास सुरू होतो. आधी एकांतातलं वाचन-प्रार्थना, मग पातळ मक्याची पेज (स्वाहिलीत 'उजी') किंवा चहा आणि मांदाझी (तळलेली गोडसर पुरी), मग स्तुती-आराधना, मग दुपारपर्यंत वर्ग. जेवणानंतर दोनेक तास श्रमदान, ज्याला सगळेच 'वर्क ड्यूटी' म्हणतात. संध्याकाळी गटाची बैठक किंवा मध्यस्थीची, म्हणजे इतरांसाठी केलेली, प्रार्थना. हे वेळापत्रक कागदावर सुटसुटीत दिसतं. त्यात पाण्याचा वेळ धरलेला नसतो.

पाणी म्हणजे पिवळा जेरीकॅन. वीस लिटरचा, भरल्यावर वीस किलोचा. नळ असलेल्या तळांवरही वीज गेली की पंप बंद, पंप बंद की टाकी रिकामी, आणि मग बोअरवेलवर रांग. चाळीस माणसांना आंघोळ, कपडे, स्वयंपाक, भांडी धरून माणशी वीस लिटर म्हटलं तरी रोजचे चाळीस कॅन होतात. दहा जणांच्या पाळीला प्रत्येकी चार खेपा. कॅन एका हाताने उचलला तर तिसऱ्या दिवशी खांदा धरतो. दोन कॅन दोन हातांत घेतले तर तोल राहतो, पण पावसाळ्यात लाल मातीवर पाय घसरतो. झाकण हरवलेला कॅन वाटेत चौथा हिस्सा सांडतो, म्हणून जाणती मंडळी तोंडात केळीच्या पानाचा बोळा कोंबतात. पिण्याचं पाणी वेगळं काढावं, खळखळ उकळी आल्यावर निदान एक मिनिट उकळावं. क्लोरीनची गोळी वापरली तर अर्धा तास थांबावं, आणि पाणी गढूळ असेल तर आधी फडक्यातून गाळून घ्यावं. गाळात क्लोरीन वाया जातं.

स्वयंपाकघर हा कोर्सचा खरा वर्ग, असं आमचं स्पष्ट मत आहे. युगांडात 'पोशो', केनिया-टांझानियात 'उगाली': पांढऱ्या मक्याच्या पिठाचा गोळा, तांदळाच्या उकडीपेक्षा बराच घट्ट. चाळीस पानांना साधारण दहा किलो पीठ आणि वीस लिटर पाणी लागतं. पाण्याला उकळी आली की थोडं पीठ गार पाण्यात कालवून आधी ओततात, पेज दाटली की उरलेलं पीठ मुठीमुठीने टाकत 'म्विको' या लांब लाकडी कलथ्याने घोटतात. गोळा कडा सोडायला लागला आणि भाजल्यासारखा वास आला की झालं. नवखे दोनच चुका करतात. पीठ एकदम ओतलं की गुठळ्या होतात आणि गुठळीच्या पोटात कोरडं पीठ राहतं. लवकर उतरवलं की पोशो वरून शिजलेला, आतून कच्चा, आणि रात्रभर पोटात गुडगुड. सोबतचा राजमा आदल्या रात्री भिजवलेला नसेल तर तीन-तीन तास शिजत नाही आणि कोळसा तिप्पट जळतो. अर्धाकच्चा राजमा घाईत वाढला तर उलट्या होतात; त्यातलं विषारी द्रव्य जायला निदान दहा मिनिटं जोरात उकळी लागते. मंद आचेवर नुसता ठेवून भागत नाही. कोळशाच्या चुलीला युगांडात 'सिगिरी' म्हणतात. मराठी कानाला ती शेगडीचीच बहीण वाटते.

पीठ ओलसर कोपऱ्यात ठेवलं असेल तर ते टाकून द्यायचं धाडस हवं. मक्यावरच्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, आणि शिजवूनही ते जात नाही. २००४ साली केनियात अशा मक्याने सव्वाशे माणसं दगावली होती. पोती जमिनीवर नकोत, लाकडी फळ्यांवर आणि भिंतीपासून दूर हवीत. तळ पाहायला गेलात तर प्रार्थनागृहाच्या आधी कोठार बघा.

आता वर्ग. दर आठवड्याला नवा विषय आणि बहुधा नवा पाहुणा शिक्षक: देवाचा स्वभाव, देवाची वाणी ऐकणं, क्षमा, नातेसंबंध, पवित्र आत्मा, आत्मिक युद्ध (सैतानी शक्तींशी प्रार्थनेने झुंजणं), सुवार्ता सांगणं, परक्या संस्कृतीत वागणं. या पद्धतीमुळे एखादा आठवडा सोन्यासारखा जातो आणि पुढचा नुसत्या किश्श्यांत संपतो. एक शिक्षक सांगतो ते दुसऱ्याला ठाऊक नसतं, म्हणून तेच दृष्टांत तीनदा ऐकावे लागतात. बायबलचा सलग अभ्यास हवा असेल तर हा कोर्स त्यासाठी नाहीच. त्याच्या वेगळ्या शाळा आहेत.

आत्मिक वाढीचा विषय इथे गंभीरपणे घेतात, हे मान्य करायला हवं. आठवड्यातून एकदा मार्गदर्शकासोबत एकट्याने बसणं, आठवड्याची रोजनिशी लिहून देणं, गटात एकमेकांसाठी प्रार्थना करणं हे नेमाने होतं. रोजनिशीची एक खोड आहे. ती कोणीतरी वाचणार हे माहीत असल्यामुळे तिसऱ्या आठवड्यापासून माणूस देवाशी बोलायचं सोडून वाचणाऱ्याला खूश करायला लागतो. यावर साधा उपाय म्हणजे दोन वह्या: एक द्यायची, एक कोणालाच न दाखवायची. चांगले मार्गदर्शक स्वतःहूनच हे सुचवतात.

क्षमा आणि जुन्या जखमा या विषयाचा आठवडा सगळ्यांत जपून चालवावा लागतो. पूर्व आफ्रिकेत त्याला एक खास पार्श्वभूमी आहे. १९३०च्या दशकात रुआंडा-युगांडात जे ख्रिस्ती पुनरुज्जीवन झालं, त्यातल्या लोकांना 'बालोकोले', म्हणजे तारण पावलेले, म्हणत. चारचौघांत पापाची उघड कबुली देणं हा त्या चळवळीचा गाभा होता. ती सवय तिथल्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, अजून आहे. युगांडातली मावशी उभी राहून शेजारणीशी झालेलं भांडण नावानिशी सांगते आणि तिथल्या तिथे माफी मागते, त्यात कोणाला अवघडल्यासारखं होत नाही, कारण दोघी त्याच गावात राहणार असतात आणि उद्या एकाच विहिरीवर भेटणार असतात. तीच रीत चार आठवड्यांपूर्वी भेटलेल्या, पाच देशांतून आलेल्या विशीतल्या मुलांवर लादली की गोष्ट बिघडते. एक रडला की बाकीच्यांना रडणं भाग पडतं. घरातल्या अत्याचारासारखी बाब बाहेर येते आणि समोर बसलेल्या मार्गदर्शकाकडे ऐकायचं शिक्षण नसतं. म्हणून अर्ज करताना सरळ विचारावं: अशा वेळी ऐकणारं प्रशिक्षित माणूस कोण आहे? तक्रार करायची तर तळाबाहेरचा माणूस कोण? उत्तर देताना कोणी 'आम्ही एक कुटुंब आहोत' एवढंच म्हटलं तर दुसरा तळ शोधावा.

'देवाने मला सांगितलं' हे वाक्य दिवसातून दहा वेळा कानावर पडतं. प्रार्थनेतून आलेली सूचना बायबलच्या वचनाशी आणि मंडळीच्या सल्ल्याशी ताडून बघायला शिकवतात, तोवर ठीक. फेरीचं गाव ठरवताना त्याच वाक्याने चर्चा बंद केली जात असेल तर सावध व्हावं.

सामुदायिक प्रार्थना मोठ्याने होते, सगळे एकदम बोलतात. रात्रभराच्या जागरणाला स्वाहिलीत 'केशा' म्हणतात. शांत उपासनेची सवय असलेल्याला पहिले दोन केशा नुसता गोंगाट वाटतात. पहाटे तीनच्या सुमाराला आवाज आपोआप खाली येतो आणि माणसं एकेकटी गुणगुणायला लागतात, तो तास चुकवू नये. दुसऱ्या दिवशीचा वर्ग मात्र फुकट जातो, आणि तरीही काही ठिकाणी तो रद्द करत नाहीत. हा शुद्ध आडमुठेपणा आहे.

वर्गाबाहेरच्या दिवसाला नऊ गुण का, तर सकाळी बायबलमधल्या योहान १३ मधलं, येशूने शिष्यांचे पाय धुणं फळ्यावर समजून घेतलेला माणूस संध्याकाळी पोशोच्या पातेल्याचा करपलेला तळ कोणाच्या वाट्याला ढकलतो, हे तिथे सगळ्यांना दिसतं. ते पातेलं खरवडण्याआधी रात्रभर पाणी घालून ठेवायचं असतं. पाणी घालून ठेवायला कोण विसरलं, यावरून गटातली बरीच भांडणं होतात, आणि ती मिटवताना जे शिकायला मिळतं ते कोणी पाहुणा शिक्षक देऊ शकत नाही.

फेरीला पाचच गुण, कारण तिथे आकड्यांचा मोह असतो. किती घरांत गेलो, ख्रिस्ताला स्वीकारायला किती हात वर झाले. त्याच गावात वर्षभरात चार संघ येऊन गेलेले असतात आणि पाहुण्याला नाही म्हणू नये म्हणून तेच लोक चौथ्यांदा हात वर करतात. मागाहून घरोघर जाणारा स्थानिक पाळक (पास्टर) असेल तरच त्या फेरीला अर्थ, नाहीतर ती सहल. दुभाष्यासोबत बोलताना वेळ निम्मा होतो: चाळीस मिनिटं मिळाली तर वीस मिनिटांचाच संदेश तयार ठेवा. आदल्या रात्री दुभाष्याला वचनं देऊन ठेवा, वाक्यं छोटी ठेवा, विनोद वगळा. थोरांना स्वाहिलीत 'शिकामो' म्हणावं, ते 'मराहाबा' म्हणतात. एवढ्याने दारं उघडतात. मुलांना गोळ्या-चॉकलेट वाटली की पुढच्या संघाच्या मागे मुलं हात पसरून धावतात. अनाथालयात दोन आठवडे लळा लावून निघून जाणं तर मुळीच करू नये. औषधं वाटणं, जखमा बांधणं हे परवाना असलेल्यांचं काम.

तब्येतीचं थोडक्यात. जिंजाकडे मलेरिया वर्षभर असतो. नैरोबीच्या उंच पठारावर धोका कमी, पण जुलैतल्या रात्री इतक्या गार की स्वेटर लागतो. मलेरिया टाळायला डॉक्सिसायक्लिन घेत असाल तर रोज १०० मिलिग्रॅम, भरपूर पाण्यासोबत, आणि गोळी घेतल्यावर तासभर आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका जळते. उन्हात कातडीही लवकर भाजते. कोणती गोळी घ्यायची ते डॉक्टर ठरवतील. ताप आला की 'उपास करून प्रार्थना करू' म्हणून थांबू नये, त्याच दिवशी रक्त तपासावं. उपचाराच्या आर्टेमेथर-लुमेफॅन्ट्रिनचे तीन दिवसांत सहा डोस असतात आणि त्या गोळ्या दूध किंवा शेंगदाण्यासारख्या स्निग्ध पदार्थासोबत घेतल्या तरच नीट लागू पडतात. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून उरलेल्या मित्राला देऊन टाकणं ही नेहमीची चूक. व्हिक्टोरिया सरोवरात पोहू नये, बिल्हार्झिया या कृमिरोगाचे जंतू कातडीतून शिरतात. अनवाणी फिरू नये, जिगर नावाची पिसू पायाच्या बोटात घर करते. आणि दोरीवर वाळलेल्या प्रत्येक कपड्याला, आतल्या कपड्यांनाही, कडक इस्त्री करावी: ओलसर कापडावर एक माशी अंडी घालते आणि अळी कातडीखाली वाढते. वीज नसेल तर कोळशाची इस्त्री चालते, फक्त शिवणींवरून दोनदा फिरवावी.

पैशांत तीन कप्पे असतात: नोंदणी, वर्गाची फी, फेरीची फी. फेरीचा प्रवास आणि व्हिसा कशात धरलेत ते लेखी घ्यावं. बऱ्याच तळांवर देशानुसार फीचे टप्पे असतात आणि भारतीय पासपोर्टला खालचा टप्पा मिळू शकतो, पण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. ५० डॉलरच्या टूरिस्ट व्हिसावर युगांडात सहा महिन्यांचा कोर्स होत नाही, विद्यार्थी पास लागतो. त्याचे कागद तळानेच करून द्यायला हवेत. १०० डॉलरचा पूर्व आफ्रिका व्हिसा केनिया, युगांडा, रुआंडा या तीन देशांत चालतो, पण तो ९० दिवसांचा आणि पर्यटनाचाच. पीतज्वराची लस प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घ्या आणि पिवळं कार्ड (लसीचा दाखला) पासपोर्टलाच रबरबँडने बांधून ठेवा. युगांडात शिरताना ते लागतंच, आणि परतताना सामानात खोल गेलेलं सापडलं नाही तर भारतातल्या विमानतळावरून थेट सहा दिवसांपर्यंतच्या विलगीकरणात जावं लागू शकतं.