ओपन थेरेमिन मिडी कंट्रोलर म्हणून: गाण्याच्या चालीला नको, इफेक्टला घ्या

थेरेमिन म्हणजे हात न लावता, दोन अँटेनांजवळ हवेत हात हलवून वाजवायचं वाद्य: एका हाताने सूर, दुसऱ्याने आवाज कमी-जास्त. मिडी म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यांनी एकमेकांना ‘हा स्वर चालू, तो बंद’ असे संदेश द्यायची पद्धत. आधी निकाल सांगून टाकतो. कीबोर्डच्या जागी गाण्याची चाल वाजवायला हे यंत्र घेणार असाल तर घेऊ नका. पण सिंथचा फिल्टर, डिले, रिव्हर्ब हवेत हात हलवून चढवायचा-उतरवायचा असेल, नाटकात वाऱ्याचा, भुताटकीचा आवाज प्रसंग संपेपर्यंत ताणायचा असेल, तर एवढ्या पैशात याच्या तोडीचं दुसरं सापडणं कठीण. म्हणून हा रिव्ह्यू मुख्यतः झाडीपट्टीतल्या कीबोर्डवाल्यांसाठी आणि साउंडवाल्यांसाठी आहे. वडसा, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया भागात दिवाळीनंतर रात्र-रात्र चालणाऱ्या प्रयोगांत संगीत आणि इफेक्ट जागेवरच वाजवावे लागतात. ऑर्केस्ट्रावाल्यांनाही यातलं बरंच लागू पडेल.

ओपन थेरेमिन स्वित्झर्लंडच्या गाउडीलॅब्सचं. आराखडा खुला आहे. इथे व्ही-३ या आवृत्तीबद्दल लिहितो आहे. ती अर्डुइनो ऊनो या प्रोग्राम टाकता येणाऱ्या छोट्या बोर्डावर बसणारी शील्ड, म्हणजे वरून खोचायचा जोडबोर्ड आहे. जोडलेली शील्डच मागवा. तिचे भाग पृष्ठभागावर डागायचे, अगदी बारीक आहेत, साध्या सोल्डरिंग आयर्नने घरी करण्याचं ते काम नाही. परदेशातून येते, त्यामुळे कस्टम ड्यूटी धरूनच हिशेब करा. ऊनो आपल्याकडे सहज मिळतो आणि अँटेना बाजारात शोधत बसायची गरज नाही. फ्रिज-एसी दुरुस्तीवाल्याकडे पाव इंची तांब्याची नळी मिळते. सुराच्या अँटेनाला साधारण ४० सेंमी सरळ तुकडा, आवाजाच्या अँटेनाला तेवढीच किंवा थोडी जास्त नळी वळवून केलेलं कडं. दोन्ही एकमेकींशी काटकोनात बसवा. बोर्डापासून अँटेनापर्यंतची वायर बोटभरच ठेवा, कारण ती वायरही अँटेनाच असते. लांब आणि लोंबती ठेवली तर वाऱ्याने सूर हलतो. डबा प्लॅस्टिकचा किंवा लाकडाचा, पत्र्याचा नको.

थेरेमिन ज्याच्या नावाने ओळखलं जातं त्या रशियन लेव्ह तेरमेनला अमेरिकेत १९२८ मध्ये पेटंट मिळालं, आणि मिडी आलं १९८३ मध्ये. म्हणजे हे वाद्य मिडीसाठी जन्मलेलंच नाही. सगळी कटकट तिथूनच सुरू होते. थेरेमिनचा सूर सलग घसरतो, मिडीला मात्र आधी ‘अमुक स्वर चालू’ असं सांगावं लागतं आणि मधली घसरण पिच बेंड या सूर वाकवणाऱ्या संदेशाने भरून काढावी लागते. शील्डसोबतच्या मूळ प्रोग्रामात मिडी नाही. गिटहब या कोडच्या साइटवर त्याचीच मिडीवाली आवृत्ती फुकट आहे, ती ऊनोत टाकायची.

ऊनो घेतानाच लोक फसतात. काही शे रुपयांचे जे क्लोन मिळतात त्यांतल्या बहुतेकांवर यूएसबीसाठी सीएच-३४० चिप असते. ती कॉम्प्युटरला फक्त सिरियल पोर्ट दाखवते, मिडी उपकरण म्हणून कधीच दिसत नाही. मूळ ऊनोवरची १६-यू-२ चिप मोकोलुफासारखं फर्मवेअर (चिपच्या आतला प्रोग्राम) टाकून थेट यूएसबी-मिडी करता येते. क्लोनच असेल तर लॅपटॉपवर सिरियल पोर्टवरचं मिडीत बदलणारा हेअरलेस मिडी हा छोटा प्रोग्राम आणि विंडोजवर जोडीला लूपमिडी लागेल. चालतं व्यवस्थित, पण रंगमंचामागे अंधारात दोन जादा प्रोग्राम सांभाळायचे. दुकानदाराला विचारून घ्या, किंवा यूएसबी सॉकेटमागची चिप मोबाईलच्या कॅमेऱ्याने मोठी करून वाचा.

लॅपटॉपच नको असेल तर सरळ पाचपिनी मिडी सॉकेट लावा. नागपूरला सीताबर्डीवर सॉकेट आणि २२० ओहमचे दोन रेझिस्टर मिळून जातील. ऊनोची पिन १ एका रेझिस्टरमधून सॉकेटच्या पिन ५ ला, पाच व्होल्ट दुसऱ्यामधून पिन ४ ला, ग्राउंड पिन २ ला. सॉकेटवरच्या पिनांचा क्रम १-४-२-५-३ असा असतो, ओळीने नाही. मधली ती २. चार-पाच उलटे लागले तर काही जळत नाही, फक्त आवाज येत नाही. मग प्रोग्राममध्ये वेग बदलायचा: हेअरलेससाठी ११५२००, खऱ्या मिडीसाठी आणि मोकोलुफासाठी ३१२५०. दोन्ही ओळी कोडमध्ये लिहिलेल्याच आहेत. एकीपुढची कॉमेंटची खूण काढायची, दुसरीला लावायची आणि पुन्हा अपलोड करायचं. वेग चुकला की कीबोर्ड एकतर गप्प बसतो नाहीतर वेड्यासारखा भलतेच स्वर सोडतो. अपलोड करताना मिडी केबल काढून ठेवा, तेव्हाही तसंच होतं.

आणखी एक. घरगुती कीबोर्डवर ‘यूएसबी टू होस्ट’ लिहिलेलं सॉकेट असतं, त्याला थेरेमिन थेट लागत नाही. दोन्हीकडे उपकरणंच, होस्ट कुणीच नाही. मध्ये कॉम्प्युटर किंवा यूएसबी होस्ट डबी लागेल. मिडी इन असलेला कीबोर्ड असेल तर प्रश्नच मिटला.

आता पिच बेंड. बहुतेक तक्रारी इथल्याच आणि यंत्राचा त्यात दोष नसतो. पिच बेंड १४ बिटांचा, म्हणजे १६३८४ पायऱ्या, मध्य ८१९२. सिंथ मात्र मुळात त्या सगळ्या पायऱ्या वर-खाली दोनच अर्धस्वरांत बसवतो. थेरेमिनवर बेंडची मर्यादा १२ ठेवली आणि सिंथवर २ च राहिली, तर हात सप्तकभर सरकला तरी सूर जेमतेम दोन अर्धस्वर हलतो, आणि मर्यादा ओलांडून नवा स्वर लागला की टुणकन उडी मारतो. उलट सिंथवर २४ आणि थेरेमिनवर १२ असेल तर सूर दुप्पट पळतो. दोन्हीकडे एकच आकडा हवा. कीबोर्डच्या मेन्यूत ‘बेंड रेंज’ शोधा. मेन्यूत नसेल तर सीसीने (कंट्रोल चेंज, म्हणजे नंबर आणि किंमत असलेला मिडी संदेश) पाठवता येते: सीसी १०१ ला ०, सीसी १०० ला ०, मग सीसी ६ ला १२. बारा अर्धस्वरांवर एका अर्धस्वराला सुमारे ६८३ पायऱ्या मिळतात, म्हणजे एक पायरी ०.१५ सेंटची (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग). कानाला ती कळत नाही. चोवीसवरही ती ०.३ सेंटच्या आतच राहते, त्यामुळे बारीकपणासाठी मर्यादा कमी ठेवायचं कारण नाही.

सिंथ मोनो आणि लेगाटोवर ठेवा, नाहीतर प्रत्येक नव्या स्वराला आवाजाची सुरुवात पुन्हा ‘टक्’ करून वाजते. आवाज निवडताना सॅम्पलवाली सितार, सारंगी, व्हायोलिन टाळा. रेकॉर्ड केलेला एकच स्वर सप्तकभर ओढला की वर कार्टूनसारखा चिरकतो, खाली रेड्यासारखा हंबरतो. सॉ किंवा साइन लहरीचा साधा सिंथ आवाज सलग आणि गोड घसरतो. लॅपटॉपवर सर्ज एक्सटी हा सॉफ्टवेअर सिंथ फुकट आहे आणि याला उत्तम जातो. त्याचीही बेंड रेंज मुळात २ असते, ती बदला.

एवढं करूनही मिडीवरची मींड खऱ्या थेरेमिनइतकी सुटी लागत नाही. बेंडची हद्द ओलांडताना सांधा ऐकू येतोच. म्हणून म्हटलं, चालीला नको.

इफेक्टला मात्र यंत्राचं सोनं होतं. मिडीवाल्या प्रोग्राममध्ये दोन्ही अँटेनांना हवा तो सीसी नंबर देता येतो. कोणत्या अँटेनाला काय द्यायचं याला एक नियम आहे, तो लक्षात ठेवा. सरळ नळीपासून हात दूर असला की आकडा शून्याकडे जातो, जवळ आला की वाढतो. कड्याचं उलटं: हात जवळ असला की शांत, दूर गेला की पूर्ण. म्हणजे डिले किंवा रिव्हर्ब कड्याला दिला आणि वाजवणारा तबलजीशी बोलायला बाजूला झाला, की इफेक्ट शेवटपर्यंत चढून बसतो. इफेक्ट सरळ नळीला द्या, माणूस बाजूला झाला की आपोआप बंद. कड्याला आवाज द्या, पण सीसी ७ नको, सीसी ११. सातने मिक्सचा मूळ लेव्हलच हलतो आणि प्रयोगाच्या मध्यात साउंडवाल्याची शिवी ऐकावी लागते. अकरा त्या लेव्हलच्या आतच खेळतो.

सरळ नळीला सगळ्यात चांगला सीसी ७४, म्हणजे फिल्टर. सीसीच्या मात्र १२८ च पायऱ्या. रेझोनन्स जास्त ठेवून फिल्टर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला की जिना चढल्यासारखं ‘टरटर’ ऐकू येतं. रेझोनन्स निम्म्याखाली ठेवा आणि फिल्टरची हलण्याची मर्यादाच आवळा. शिवाय नळीची चाल सरळ रेषेत नाही. दूरच्या अर्ध्या हातात काहीच घडत नाही आणि शेवटच्या वीतभरात सगळं घडतं. सॉफ्टवेअर सिंथमध्ये कर्व्ह देता येत असेल तर द्या, हार्डवेअरवर हाताला सवय लावावी लागते.

डिलेचा फीडबॅक देत असाल तर सिंथमध्येच कमाल मर्यादा ८० टक्क्यांवर बांधा. शंभरच्या वर गेला की आवाज स्वतःच स्वतःला खात वाढत जातो आणि मंडपातले भोंगे किंचाळतात. डिलेचा वेळ दिला तर आवाज लोळतो, घसरतो. भुताच्या प्रवेशाला फर्मास, गाण्याला भयंकर. पावसाचा प्रवेश असेल तर नॉइज आवाज घ्या, फिल्टर नळीवर, आवाज कड्यावर: दोन हातांत रिपरिपीपासून मुसळधारेपर्यंत सगळं येतं, नटाच्या वाक्याला थांबवताही येतं. पेनड्राईव्हवरच्या तयार आवाजाला ते जमणार नाही.

गावातली खरी अडचण अर्थिंगची. थेरेमिनला जमीन लागते, नाहीतर बोर्ड तरंगत राहतो आणि मोबाईल चार्जरला हात लागला तरी सूर सरकतो. दोन पिनांच्या चार्जरवर चालवलं तर हमखास होतं. इथे बऱ्याच जणांची एक चूक होते: मिडी केबल लावली म्हणजे ग्राउंड मिळाला असं समजतात. मिळत नाही. मिडी इनच्या आत ऑप्टोकपलर (संदेश प्रकाशाने पलीकडे देणारा भाग) असतो, वीज पलीकडे जातच नाही. शील्डच्या ऑडिओ सॉकेटमधून एक केबल मिक्सरला लावा, तो चॅनल बंद ठेवला तरी चालेल. ग्राउंड तिथून येतो. मिक्सर तीन पिनांचा आणि मंडपाची अर्थिंग खरी हवी. उन्हाळ्यात काळी माती फाटते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. त्यात पाणी ओतल्यावर फरक लगेच दिसतो. न्यूट्रलला ग्राउंड जोडायची कल्पना कुणी सुचवली तर हात जोडून नाही म्हणा. अँटेनाला माणसाचा हात लागतो, आणि फेज-न्यूट्रल उलटं आलं की जीव जाईल.

पॉवर बँकवर चालवायचा मोह होतो. ऊनो फार थोडा करंट घेतो, त्यामुळे बऱ्याच पॉवर बँका काही लागलेलंच नाही असं समजून थोड्या वेळात बंद पडतात. घ्यायच्या आधी दहा मिनिटं लावून बघा.

लाईटच्या डिमरपासून आणि एलईडी पारच्या वायरींपासून बोर्ड दोन-तीन मीटर लांब ठेवा. वाजवणाऱ्याभोवती मीटर-दीड मीटरमध्ये कुणी ये-जा करू नये. विंगेत उभा असलेला नट हालला तरी आकडे हलतात. टिनाचं शेड चालतं, कारण ते हलत नाही. लोखंडी रॉड लावलेला पडदा मात्र हलतो, त्यापासून दूर. मे महिन्यात कूलरसमोर बसवू नका, ओलसर वारा लागून सूर सरकत राहतो. हिवाळ्यात मध्यरात्रीनंतर दव पडतं तेव्हा डब्यावर कापड टाका आणि प्रत्येक अंकाआधी पुन्हा कॅलिब्रेट करा: बटण दाबून धरायचं, हात आणि शरीर दूर. चालू केल्याबरोबर कॅलिब्रेट करण्यात अर्थ नाही, दहा-पंधरा मिनिटं तापू द्या.

उशीर लागतो का, हा प्रश्न येतोच. पाचपिनी मिडीवर एका संदेशाला जेमतेम एक मिलिसेकंद, ती काळजीच नको. लॅपटॉपवर २५६ सॅम्पलच्या बफरला ४४१०० हर्ट्झवर सुमारे ६ मिलिसेकंद वाढतात, तेही चालतात. ब्लूटूथ स्पीकरवर मात्र हात आणि आवाज यांची फारकत होते. जुन्या कीबोर्डवर बेंड आणि दोन सीसी असे तीन प्रवाह एकदम सोडले तर तो अडखळतो; जे वापरत नाही ते प्रोग्राममध्ये बंद करा.

मूगचं २०१४ चं थेरेमिनी याहून देखणं आहे. स्वतःचे आवाज, ट्यूनर, ठरावीक स्वरावर सूर ओढून घेणारं बटण, सगळं आत. पण मिडी फक्त यूएसबीवर, म्हणजे मिडी इनच्या कीबोर्डला थेट लागत नाही, आणि बिघडलं तर गावात कुणी उघडणार नाही. ओपन थेरेमिनमध्ये ऊनो गेला तर दुसरा बसवता येतो. रोलँडच्या काही कीबोर्डांवर डी-बीम, म्हणजे वर हात हलवून आवाज बदलायची सोय असते, ती असेल तर आधी ती वापरून बघा. ती इन्फ्रारेडवर चालते, हॅलोजनच्या झोतात गडबडते आणि एकाच हाताचं काम करते.

शेवटचं काम कीबोर्डवर करायचं. केबल मध्येच सुटली किंवा लाईन गेली तर ‘स्वर बंद’ हा संदेश पोहोचत नाही आणि इन्व्हर्टरवरचा सिंथ तो स्वर धरून ओरडत राहतो. एखाद्या पॅडला किंवा बटणाला सीसी १२३, किंमत ०, लावून ठेवा आणि त्यावर लाल टेप चिकटवा. तेवढ्याने न थांबणारे आवाजही असतात, त्यांच्यासाठी सीसी १२० शेजारच्या पॅडवर.